स्वस्त पुस्तिका : छापणारे, विकणारे आणि जपणारे

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथांची नोंद घेतो, नियतकालिकांची घेतो. पुस्तिका मात्र बहुतेक वेळा निसटते. सोळा, बत्तीस, फार तर ऐंशी पाने, मधोमध मारलेल्या दोन पिना आणि एका बैठकीत वाचून होईल एवढा मजकूर, असे तिचे रूप. पण गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्रात ज्या लिखाणाने खरी खळबळ उडवली, त्यातले कितीतरी आधी याच रूपात लोकांच्या हाती पडले. जोतीराव फुल्यांचा शिवाजीराजांवरचा पवाडा, ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’, प्रबोधनकार ठाकऱ्यांचे ‘देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे’, गोविंद पानसऱ्यांचे ‘शिवाजी कोण होता?’ यांपैकी एकही जाडजूड ग्रंथ नाही.

या लेखात प्रश्न घेतला आहे तो असा : छोट्या प्रकाशकाने साहित्याची आणि इतिहासाची स्वस्त पुस्तिका काढायची, तर ती कशाच्या बळावर उभी राहते आणि कशामुळे बुडते? किंमत कमी ठेवली की काम झाले, असे अनेकांना वाटते. इतिहास पाहिला तर दुसरेच दिसते. किंमत कमी ठेवण्याचे मार्ग प्रत्येक काळात कोणी ना कोणी शोधले. वाचकापर्यंत जाण्याची स्वतःची वाट ज्यांनी तयार केली, त्यांच्याच पुस्तिका मात्र पसरल्या. आणि ज्यांची प्रत कुणीतरी जपून ठेवली, त्याच आज आपल्याला ठाऊक आहेत.

जत्रा, देऊळ आणि पंचांग

मराठी पुस्तिकेची सुरुवात धर्मप्रचारातून झाली. अमेरिकन मिशनच्या मुंबईतल्या छापखान्याने १८१७ मध्ये आठ पानांची मराठी पुस्तिका छापली. पुढे मिशनरी मंडळी अशा पुस्तिका बाजारात आणि जत्रेत वाटत. वाचक दुकानात येण्याची वाट न पाहता माणसे जिथे आधीच जमतात तिथे पुस्तक न्यायचे, ही रीत मराठी छपाईच्या पहिल्याच पिढीत रुजली.

ती रीत इथल्या छापखानदारांनीही ओळखली. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढले. छापलेले पंचांग चालेल का, शाईत चरबी असेल का, ही लोकांची शंका दूर करण्यासाठी त्यांनी शाईत तूप वापरले, असे सांगतात. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि त्यांच्या सुबक टायपाने देवनागरी छपाईचा दर्जाच बदलला. पोथ्या, हरिपाठ, व्रतांच्या कहाण्या, आरतीसंग्रह घरोघरी गेले ते या छापखानदारीमुळे. मुंबईच्या बेने इस्रायली समाजानेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बायबलमधल्या कथांवर रचलेली मराठी कीर्तने छापली. कीर्तन ऐकायला आलेला माणूस जाताना त्याची पुस्तिका घरी नेई.

भक्तीच्या पुस्तिकेला विक्रीची चिंता कधी पडली नाही. आळंदी, पंढरपूर, जेजुरी इथे आजही देवळाच्या वाटेवर त्या मिळतात. विनोबांची ‘गीताई’ १९३२ मध्ये पहिल्यांदा छापली गेली आणि खिशात मावणाऱ्या आकारात, अगदी अल्प किमतीत, लाखोंच्या संख्येने लोकांपर्यंत पोहोचली. वाट तयार असली की पुस्तिका किती दूर जाते, हे इथे दिसते. साहित्याच्या आणि इतिहासाच्या पुस्तिकेला मात्र ही वाट स्वतः पाडावी लागली.

वाद घालणारी पुस्तिका

१८६९ मध्ये फुल्यांनी शिवाजीराजांचा पवाडा आणि ‘ब्राह्मणांचे कसब’ ही दोन छोटी पुस्तके काढली. पवाड्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपला वाचक कोण हे उघड सांगितले आहे : कुणबी, माळी, महार, मांग. त्यांना कळावे म्हणून लांबलचक संस्कृत शब्द टाळल्याचेही ते नोंदवतात. पुस्तिकेच्या प्रकाशनाचे हे पहिले स्पष्ट धोरण म्हणावे लागेल. रूप पवाड्याचे, म्हणजे एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे. साक्षरता जिथे नगण्य होती, तिथे एक प्रत अनेक माणसांपर्यंत जाण्याची सोय त्या रूपातच होती. पुढे सत्यशोधक जलशांनी हीच सोय गावोगाव नेली.

त्याच दशकांत पुण्यात दुसऱ्या टोकाचा पण तितकाच महत्त्वाचा प्रयोग झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले. जवळपास सगळा मजकूर एकहाती होता, म्हणजे दर महिन्याला एका लेखकाची एक निबंधपुस्तिकाच. १८७८ मध्ये सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’ने बखरी, ऐतिहासिक पत्रे आणि जुन्या कविता हप्त्याहप्त्याने छापल्या. का. ना. साने आणि ज. बा. मोडक यांच्या या कामामुळे दप्तरांत पडलेली बखर सामान्य वर्गणीदाराच्या घरी पोचली. मराठी इतिहाससंशोधनाचा पाया घातला गेला तो अशा मासिक तुकड्यांनी. इथे वाट होती वर्गणीची आणि टपालाची. वर्गणी आगाऊ आली म्हणून छपाई शक्य झाली.

फुले आणि चिपळूणकर विचारांनी एकमेकांचे विरोधक. तरी दोघांनीही छोटे, वेळच्या वेळी निघणारे, वादाला तोंड फोडणारे प्रकाशन निवडले, कारण त्याला तडकाफडकी उत्तर देता येते. १८८५ मध्ये फुल्यांनी ‘सत्सार’चे दोन अंक काढून ताराबाई शिंदे आणि पंडिता रमाबाई यांची बाजू मांडली. १९१० पासून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून चालवला. ‘कुलकर्णी लीलामृत’ हे त्यांचे पोथीच्या वळणाचे पुस्तकही गाजले. पोथीच्या चालीत कुलकर्णी वतनाचा जुलूम सांगितला, की गावकरी तो पोथीसारखाच ऐकणार, हे त्यांनी अचूक जाणले होते. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या लेखनाला उत्तर म्हणून प्रबोधनकारांनी १९१८ मध्ये ‘कोदण्डाचा टणत्कार’ लिहिला. इतिहासाचा वाद विद्वानांच्या मंडळातून बाहेर काढून वाचकांपुढे मांडण्याचे काम पुस्तिकेने केले.

सहा डिसेंबरचे पुस्तकबाजार

या परंपरेतला सर्वांत जिवंत प्रवाह आंबेडकरी चळवळीचा आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणाचा कार्यक्रम रद्द केल्यावर बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ मध्ये स्वखर्चाने छापले. १५०० प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली, असे त्यांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. न झालेले भाषण पुस्तिकेमुळे देशभर पोचले आणि लवकरच भारतीय भाषांत गेले. त्याच वर्षी मुंबईत झालेले ‘मुक्ती कोन पथे?’ हे मराठी भाषणही पुस्तिका होऊन आजवर पुन्हा पुन्हा छापले जात आहे.

दरवर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, दादरच्या चैत्यभूमीवर आणि शिवाजी पार्कात, धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, १ जानेवारीला भीमा कोरेगावला पुस्तकांच्या रांगाच्या रांगा लागतात. बाबासाहेबांची भाषणे, फुल्यांची पुस्तके, बुद्धाचे चरित्र, भीमगीतांचे संग्रह, संविधानाची प्रत, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या कवीचा स्वतःच छापलेला संग्रह, सारे एकाच सतरंजीवर मांडलेले असते. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली कुटुंबे परतीच्या खर्चाचे पैसे बाजूला काढून पुस्तके घेतात. मराठीत पुस्तके विकली जात नाहीत, असे म्हणणाऱ्याने हे बाजार पाहिलेलेच नसतात.

या बाजारावर अनेक छोटे प्रकाशक उभे राहिले. पुण्यात विलास आणि उषा वाघ यांनी चालवलेल्या सुगावा प्रकाशनाने जातिअंताचे, दलित चळवळीचे आणि स्त्रियांच्या प्रश्नांवरचे लेखन सामान्य माणसाला घेता येईल अशा किमतीत सातत्याने दिले. त्यांच्यासारख्यांच्या कामाचा मोठा भाग पुस्तकांचे ओझे स्वतःच वाहून सभेच्या दारात नेण्याचा होता. इतिहासाच्या बाबतीत असाच बाजार १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जयंतीनिमित्त भरतो.

कवींच्या हातातला छापखाना

साहित्याच्या पुस्तिकेची गोष्ट थोडी वेगळी. पन्नाशीच्या दशकात ‘शब्द’ निघाला. १९६३ मध्ये अशोक शहाण्यांनी ‘असो’ काढला. मग ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’, ‘चक्रवर्ती’ अशी लघुअनियतकालिकांची रांग लागली. सायक्लोस्टाइल यंत्राने छापखान्याचे अवलंबित्व काढून टाकले : स्टेन्सिल कापायचे, शाई फिरवायची, मित्रांत वाटायचे. प्रस्थापित मासिकांनी ज्या कवींना दार उघडले नव्हते, त्यांनी स्वतःचे दार केले. विक्री जवळजवळ नव्हतीच. टपालाने शे-दोनशे वाचक एकमेकांना जोडलेले होते आणि त्या शे-दोनशेंनी मराठी कवितेची पुढची पन्नास वर्षे बदलून टाकली.

यातूनच शहाण्यांचे प्रास प्रकाशन उभे राहिले. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रासनेच काढल्या. पुढे कोलटकरांची ‘भिजकी वही’ही तिथूनच आली आणि तिला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती पुस्तिका नाही, चांगले भक्कम पुस्तक आहे. तरी तिच्यामागची शिस्त पुस्तिकेच्या जगातली आहे : कवी आणि प्रकाशक एकमेकांशेजारी बसून अक्षर, कागद, ओळ ठरवणार आणि घाई कोणीच करणार नाही. याच काळात मुंबईत कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या इंग्रजी लिहिणाऱ्या कवींनी ‘क्लिअरिंग हाऊस’ हे सहकारी प्रकाशन सुरू केले होते. १९७६ मध्ये कोलटकरांची ‘जेजुरी’ पुस्तकरूपात तिथून आली. नंतरच्या काळात हेमंत दिवटे यांच्या ‘अभिधानंतर’ने हीच वाट पुढे चालू ठेवली.

छोट्या प्रकाशकाला संरक्षण कमी असते, याचे उदाहरणही याच परिसरातले. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९८३ मध्ये भित्तिपत्रक म्हणून निघाली. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका पत्रिकेत ती पुन्हा छापल्यावर खटला झाला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे निकाल लागला २०१५ मध्ये. माफी मागितलेले प्रकाशक आणि मुद्रक सुटले. कवीवरचा खटला मात्र पुढे चालू ठेवण्यात आला. एका कागदासाठी वीस वर्षे न्यायालयाची पायरी चढण्याची ताकद मोठ्या संस्थेकडे असते. एकट्या कवीकडे नसते.

एका पुस्तिकेचे यश

स्वस्त इतिहासपुस्तिका कशी चालते, हे समजून घ्यायला ‘शिवाजी कोण होता?’ एवढे चांगले उदाहरण दुसरे नाही. मूळ एका भाषणातून आलेली ही पुस्तिका १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. लोकवाङ्मय गृहाने ती अल्प किमतीत सतत उपलब्ध ठेवली. तिच्या लाखाहून अधिक प्रती गेल्या, अनेक भाषांत तिचे अनुवाद झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर तर तिची मागणी आणखी वाढली.

तिच्या यशाची कारणे मोजता येतात. विषय प्रत्येक मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा. भाषा सभेत बोलणाऱ्या माणसाची, म्हणून वाक्ये लहान आणि प्रश्न सरळ. शेतकऱ्याच्या गवताच्या काडीलाही हात लावू नका, असे सैन्याला बजावणाऱ्या राजाचे कारभारी रूप तिने पुढे आणले. आणि या सर्वांइतकेच महत्त्वाचे म्हणजे कामगार संघटना, शेतमजूर युनियन, विद्यार्थी संघटना, व्याख्यानमाला अशी विक्रीची तयार साखळी तिच्यामागे होती. भाषण संपले की दाराशी पुस्तिका मिळे. तसाच मजकूर एखाद्या एकट्या लेखकाने छापून दुकानात ठेवला असता, तर पहिली आवृत्तीही संपली नसती.

हिशेब

आता पैशांकडे वळू. पुस्तिका सोळा पानांच्या फॉर्मच्या हिशेबाने छापतात. दोन फॉर्म म्हणजे बत्तीस पाने आणि वर कव्हर. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, प्लेटा यांचा खर्च प्रती दोनशे असोत की पाच हजार, तेवढाच येतो. म्हणून ऑफसेटवर प्रत स्वस्त पडते ती संख्या वाढली तरच. डिजिटल छपाईत शंभर प्रतीही काढता येतात, पण दर प्रतीचा खर्च खाली येत नाही. पुस्तिका स्वस्त विकायची तर जास्त छापली पाहिजे, जास्त छापली तर ती विकण्याची वाट आधी हवी, अशी ही गाठ आहे.

समजा, पुस्तिकेची किंमत २० रुपये आहे. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली तर त्याला ८ रुपये मिळतात. एवढ्यासाठी तो तिला दर्शनी जागा का देईल? तिला कणा नाही, कपाटात उभी राहत नाही, बिल करायला वेळ मात्र ३०० रुपयांच्या पुस्तकाएवढाच. प्रकाशकाकडे उरलेल्या १२ रुपयांतून कागद, छपाई, वाहतूक आणि लेखकाचे मानधन भागवायचे. म्हणून दुकान हा पुस्तिकेचा मार्ग कधीच नव्हता.

टपाल हा जुना आधार होता. पुस्तकांसाठीची स्वस्त बुकपोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. प्रकाशकांनी आणि वाचकांनी आवाज उठवल्यावर मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. तीत ३०० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला २० रुपये आणि वर कर पडतो. पाच किलोचे पार्सल १०० रुपयांत जाते, ही सोय चांगली आहे, पण तिचा फायदा जाड पुस्तकाला आणि घाऊक मागणीला. एकट्या पुस्तिकेचा टपालखर्च तिच्या किमतीएवढा होतो. यावर उपाय एकच : एका वाचकाने दहा पुस्तिका एकत्र मागवाव्यात, म्हणजे प्रकाशकाने सुटी पुस्तिका न विकता मालिका विकावी.

करांचेही असेच. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, हे खरे. पण कागदावर आणि छपाईच्या कामावर तो भरावा लागतो आणि विक्री करमुक्त असल्याने त्याची वजावट मिळत नाही. मोठ्या प्रकाशकाला हा बोजा अनेक पुस्तकांवर पसरवता येतो. पुस्तिकेच्या किमतीत तो थेट दिसतो.

स्वस्त म्हणजे निष्काळजी नव्हे

प्रेमापोटीच एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बाजारातल्या अनेक पुस्तिकांवर मूळ प्रकाशनाचे वर्ष नसते, कोणत्या आवृत्तीवरून मजकूर घेतला ते नसते, संपादकाचे नाव नसते. एखाद्या मुद्रणदोषामुळे वाक्याचा अर्थ उलटतो आणि तोच दोष पुढच्या चार प्रकाशकांकडे जातो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०१७ पासून कुणालाही छापता येते. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे, पण त्याबरोबर मूळ मजकूर शब्दशः राखण्याची जबाबदारी येते.

इतिहासाच्या पुस्तिकेत तर धोका दुहेरी. कागदपत्राचा आधार न देता ठाम विधाने करणाऱ्या, एका समाजाला दुसऱ्यावर उठवणाऱ्या पुस्तिकाही त्याच सतरंजीवर मिळतात आणि त्याही स्वस्तच असतात. शेवटच्या पानावर चार ओळींत आधार सांगायला खर्च येत नाही. पुस्तिका वाचणारा माणूस पहिल्यांदाच त्या विषयाकडे वळलेला असतो. पडताळून पाहायला त्याच्याकडे दुसरे पुस्तक नसते. त्याच्याशी अधिक प्रामाणिक राहिले पाहिजे.

कुणी जपायचे?

‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये निघाली आणि विस्मरणात गेली. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली, म्हणजे मध्ये ९३ वर्षे गेली. त्या काळात स्त्रीप्रश्नावर मराठीत केवढे लिहिले गेले, पण ताराबाई त्या चर्चेत जवळपास नव्हत्याच. याउलट मुक्ता साळवेंचा १८५५ चा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला, त्या नियतकालिकाच्या फाइली राहिल्या, म्हणून तो हाती लागला. सुट्या पुस्तिकेला अशी फाइल नसते. ताराबाईंसारख्या आणखी किती जणी अशा हरवल्या असतील, या विचाराने जीव अस्वस्थ होतो.

इंग्रजांनी १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सक्तीची केली. हेतू नजर ठेवण्याचा होता, पण त्यामुळे मराठी पुस्तकांच्या याद्या आणि प्रती राहिल्या. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० अशा दोन टप्प्यांत ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली. एका माणसाच्या ध्यासाने झालेले हे काम आजही अभ्यासकांचा पहिला आधार आहे. १८६७ च्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली असून त्यात फक्त नियतकालिके येतात, पुस्तके नाहीत. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. न पाठवल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत. छोट्या प्रकाशकांतल्या अनेकांना हा कायदाच माहीत नसतो.

महाराष्ट्रात अकरा हजारांहून अधिक अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये आहेत. पुस्तिका तिथे गेली तरी दाखलनोंदीच्या आणि कपाटाच्या अडचणीत ती रद्दीत जाते. आंतरजालावरच्या प्रतींनी थोडा दिलासा दिला आहे. विकिस्रोतावर जुने मराठी साहित्य येत आहे, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक पुस्तके मोफत दिली आहेत. पण स्कॅन करायला मूळ प्रत तर हवी.

करता येण्याजोगे

यातून चार कामे समोर येतात आणि चारही आवाक्यातली आहेत. प्रत्येक पुस्तिकेवर वर्ष, आवृत्ती, संपादक आणि आधार छापावा. छोट्या प्रकाशकांनी एकत्र येऊन दहा-दहा पुस्तिकांचे संच करावेत आणि वर्गणीने, घाऊक पार्सलने पाठवावेत. ‘काव्येतिहाससंग्रह’ याच तत्त्वावर चालला होता. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयाने आपल्या जिल्ह्यात छापलेल्या पुस्तिकांची एक वेगळी पेटी ठेवावी आणि ६ डिसेंबर, १२ जानेवारी, आषाढी अशा दिवशी माणूस पाठवून नव्या पुस्तिका विकत घ्याव्यात. आणि २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आहे, तर त्यासाठीच्या निधीतला काही भाग दात्यांची सूची १९५० च्या पुढे नेण्यासाठी, पुस्तिकांसकट, खर्च व्हावा.

मराठी समाजाने आपले सर्वांत तीव्र वाद आणि सर्वांत धीट विचार पातळ पुस्तकांतून मांडले. ती लिहिणारे बहुतेक जण विद्यापीठांत नव्हते, मोठ्या प्रकाशकांच्या यादीतही नव्हते. त्यांचे शब्द टिकवायला लागणारा खर्च फार थोडा आहे. तो न केल्याने काय जाते, हे ताराबाईंच्या त्या ९३ वर्षांनी दाखवून दिलेच आहे.